पोत्यातले बूट

सर, तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली आणि आता तुमच्या नावाने स्पर्धा सुरू होतेय. ठाण्यातली तुमची जुनी पोरं, म्हणजे आता पोट सुटलेले, गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढणारे आजोबा, एकत्र आलेत. त्यांनी स्मरणिका काढायचं ठरवलंय आणि माझ्याकडे दोन पानं मागितलीत. "तू सरांचा सगळ्यात यशस्वी शिष्य," असं एक जण फोनवर म्हणाला. मी हसलो. त्याला वाटलं, लाजलो. लिहायला बसलो, वर 'सरांची शिस्त' असा मथळाही टाकला, आणि पुढे हात हलेना. म्हणून तो कागद बाजूला ठेवून हा घेतलाय. यात तुमची स्तुती नाही. तुम्ही जिवंत असताना जे तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही ते आता बोलणार आहे, आणि तुम्हाला मध्येच हात वर करून मला गप्प करता येणार नाही याचा मला मनापासून आनंद होतोय.

आधी तुमची कहाणी, कारण स्मरणिकेत ती येणारच. ठाण्याच्या जुन्या गावठाणातले तुम्ही, बापजादे भातशेती करणारे, रविवार न चुकवता चर्चमध्ये मिस्सेला जाणारे. अठराव्या वर्षी मुंबईच्या एका गिरणीत लागलात, साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर. तिथला साहेब स्कॉटलंडचा. तो त्याच्या देशात पगारी फुटबॉल खेळलेला, गुडघा गेल्यावर बोटीने इकडे आला, आणि दिवसभर साचे बघून संध्याकाळी गिरणीच्या टीमला शिकवायचा. लांब लाथ मारणाऱ्याला तो सरळ मैदानाबाहेर काढायचा. चेंडू जमिनीवर, पास छोटा, पास दिला की पळ. हे तुम्ही आम्हाला इतक्या वेळा ऐकवलंत की त्या साहेबाचा उन्हाने लाल झालेला चेहरा मी कधी न बघताही ओळखू शकेन. तुम्ही त्याचे लेफ्ट हाफ. सात-आठ वर्षं खेळलात, मग तुमचाही गुडघा गेला, साहेब मायदेशी परतला, आणि तुम्ही खोपटच्या एसटी डेपोत फिटर म्हणून चिकटलात. दिवसभर गाड्यांखाली पाठ टेकून काम करायचं, साडेपाचला रॉकेलने हात धुवायचे आणि सायकल मारत मैदानावर यायचं, हे तुम्ही तीस वर्षं केलंत. लिहिताना जीव जातोय, पण आमच्या भागातल्या पोरांना जमिनीवरून पास द्यायला तुम्हीच शिकवलंत. आज माझ्या हाताखाली जी पोरं आहेत तीही, त्यांना पत्ता नसताना, त्या स्कॉच साहेबाचाच खेळ खेळतात.

साहेबाकडून तुम्ही आणखी एक गोष्ट आणलीत, ती म्हणजे बुटांची रांग. मॅच रविवारी असायची. शनिवारी पाचच्या आत प्रत्येकाने आपले बूट डेपोच्या फाटकावर तुमच्या हवाली करायचे. तेव्हा आमच्यासारख्यांच्या बुटांना चामड्याचे स्टड असायचे, खिळ्यांनी ठोकलेले. तुम्ही एकेक बूट गुडघ्यावर घेऊन सैल स्टड ठोकायचात, वर आलेला खिळा कानशीने घासायचात, माती काढून चामड्याला चरबी चोळायचात. रविवारी मिस्सा आटपून त्याच पांढऱ्या शर्टात, सायकलला गोणपाटाचं पोतं बांधून यायचात, आणि मैदानाच्या कडेला ज्याने ज्या जागी खेळायचं त्या जागी त्याचे बूट मांडायचात. मागे गोलकीपरचे, पुढे बॅकचे, मग हाफचे, मग फॉरवर्डचे. आम्ही येऊन आपले बूट शोधायचो. सापडले तर त्यांच्यामागे उभं राहायचं. नाही सापडले तर ते पोत्यात आहेत हे समजून गुपचूप बाहेर बसायचं. विचारायचं नाही. "साहेबाने आम्हाला कधी कारण दिलं नाही आणि आम्ही कधी मागितलं नाही," तुम्ही छाती फुगवून सांगायचात. मला स्वतः कोच झाल्यावर कळलं, साहेब बोलायचा नाही कारण त्याला मराठी येत नव्हतं आणि साचेखात्यातल्या पोरांना इंग्रजी. बिचाऱ्याला बूट मांडण्याशिवाय इलाजच नव्हता. त्याच्या अडचणीचा तुम्ही नियम करून टाकलात. तुम्हाला तर मराठी येत होतं ना, सर? माझ्या आईशी तुम्ही किती छान बोलला होतात.

तो दिवस मला अजून दिसतो. मी सोळा वर्षांचा. डोंबिवलीच्या पलीकडे, खाडीच्या कडेला आमचं गाव, बाबा मिठागरात, दादा आणि मी शाळा आणि शेती दोन्हीकडे अर्धे अर्धे. शाळांच्या एका मॅचमध्ये मला अनवाणी खेळताना बघून तुम्ही पत्ता विचारत घरी आलायत. आमच्या चुलीपुढे पाटावर बसलायत, गुडघा वाकत नाही म्हणून एक पाय लांब सोडून. आई तांदळाची भाकरी थापतेय आणि तुमच्या ताटलीत सुकट वाढतेय. बाबा दारात उभे. आई बोलते. "मास्तर, याचा पाय मोरला त लावनीला माजेबरोबर कोन येल?" तुम्ही घास खाली ठेवता. "बाई, पाय मोडू नये म्हणूनच मी नेतोय त्याला. इथे असाच खेळत राहिला तर नक्की मोडेल." आई हसते. "माना त्यातला काय समजत नाय. तुमी सांभाला त्याला." निघताना तुम्ही पिशवीतून एक जोडी बूट काढलीत. वापरलेले होते, पण तळ नवा ठोकलेला. माझ्या आयुष्यातले पहिले बूट. मी ते आठ दिवस उशाशी घेऊन झोपलो आणि दादाने सगळ्या आळीत माझी टर उडवली.

मग नियम आले. सगळ्यात कडक नियम शेतातल्या स्पर्धांचा. भात कापून झालं की आमच्या गावांमध्ये रिकाम्या शेतांत सात-सात जणांच्या स्पर्धा होतात, बक्षिसाला बोकड असतो, बेंजो वाजतो, सगळं गाव बांधावर बसतं. तुमच्या टीममधल्या एकाचा पाय असाच एका बांधावर अडकून मोडला होता, तो पुन्हा खेळला नाही. त्यामुळे तुम्ही आम्हा गावाकडच्या पोरांना तिथे खेळायची बंदीच केलीत. पहिल्या वर्षी मी एक मॅच खेळलो आणि ते तुमच्या कानावर गेलं. सगळ्या टीमसमोर तुम्ही मला उभं केलंत. "शेतातच नाचायचंय तर माझ्याकडे कशाला येतोस? माझा टाइम फुकटचा आहे काय? परत गेलास तर माझे दरवाजे बंद." परत जाणार नाही, असा मी शब्द दिला. पुढे तीन वर्षं मी त्या शेतांत पाय ठेवला नाही, सर. गावात मला 'ठाण्याचा साहेब' म्हणायला लागले. आमच्या आळीची टीम फायनलला हरली तेव्हा चुलत्याने माझ्याशी बोलणं टाकलं. माझ्याच गावच्या मॅचला मी घराच्या ओट्यावर बसून बेंजो ऐकायचो, कारण तुम्हाला शब्द दिला होता.

आणि मग तो रविवार. मी एकोणीस वर्षांचा. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीच्या टीमचे साहेब आमची मॅच बघायला येणार होते. त्यांना लेफ्ट हाफ हवा होता. मिळाला तर टीममध्ये जागा आणि कंपनीत कायमची नोकरी. लेफ्ट हाफ मी होतो, दोन वर्षं, एकही मॅच न चुकवता. तुम्हीच पंधरा दिवस आधी मला बाजूला घेऊन म्हणाला होतात, "नीट झोप, नीट जेव." तुमच्याकडून एवढी दोन वाक्यं म्हणजे भाषणच. शनिवारी मी कॉलेजातून आलो, खुंटीवरची बुटांची पिशवी उचलली आणि थेट खोपटला येऊन फाटकावर ठेवली. रविवारी साडेआठला मैदानात पोचलो. रांगेत माझ्या जागेवर दुसऱ्याचे बूट होते. तुमच्या गावठाणातला पोरगा, तुमच्याच चर्चमध्ये तुमच्या पुढच्या बाकावर बसणारा. मी दोनदा रांग बघितली. मग तुमच्याकडे बघितलं. तुम्ही घड्याळाला चावी देत होतात.

नव्वद मिनिटं मी पोत्याशेजारी बसलो. तो चांगला खेळला, तेही सांगतो, खोटं कशाला बोलू. कंपनीच्या साहेबांनी मॅच संपल्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी पोत्यात हात घालून माझे बूट काढले. बाकी सगळ्यांचे बूट चरबी लावून चकचकीत, माझे होते तसेच, स्टडच्या मध्ये चिखल सुकलेला. मला वाटलं, म्हणजे शनिवारीच ठरलं होतं तर. याचे बूट लागणारच नाहीत, मग घासायचे कशाला. ते अस्वच्छ बूट मला त्या नव्वद मिनिटांपेक्षा जास्त लागले. मी विचारलं नाही. तुम्ही माझ्या जवळून पोतं उचलून घेऊन गेलात, माझ्याकडे न बघता, आणि त्या दिवसानंतर मी तुमच्या मैदानावर आलो नाही. तुम्हीही निरोप धाडला नाहीत. तीन वर्षं घडवलेला माणूस गेला आणि तुम्ही साधी चौकशी केली नाहीत.

तो पोरगा कंपनीच्या टीममधून राज्याकडून खेळला. मध्यंतरी ऑफिसर म्हणून रिटायर झाला, आता तुमच्या नावाच्या स्पर्धेच्या कमिटीचा तोच अध्यक्ष आहे. मी डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला लागलो. कल्याणच्या एका टीमकडून आठवड्याला एक मॅच खेळायचो, ड्यूटीवरून थेट, डोळे चुरचुरत असताना. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला. साहेबाचा गेला, तुमचा गेला, माझाही गेला, पण तुम्हा दोघांना निदान खेळून झालं होतं. आई म्हणायची, "त्या मास्तरला इचार तरी एकदा." मी म्हणायचो, तिथे विचारायचं नसतं. तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही. अक्षर न वाचलेल्या बाईला जे कळत होतं ते तुम्हाला आणि मला कळलं नाही.

मी कोच झालो तो खेळावरच्या प्रेमाने, असं सत्कारात सांगतात. मी कोच झालो तुम्हाला हरवायला. कोचिंगचं सर्टिफिकेट रजा टाकून घेतलं, डोंबिवलीत एका पडीक मैदानावर वीस पोरं जमवली, आणि पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं, 'ज्याला बाहेर बसवेन त्याला कारण सांगेन'. तुमच्या उलट जे जे करता येईल ते ते केलं. बूट ज्याचे त्याने ठेवायचे. टीम आदल्या दिवशी सांगायची. मग तुमच्या मैदानासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायला लागलो. तुमच्या टीममधला जो पोरगा खाली मान घालून बाहेर यायचा त्याला चहा पाजायचो आणि एकच विचारायचो, "का बसवलं ते सांगितलं का तुला?" त्याचं उत्तर मला माहीत असायचं. "माझ्याकडे ये. मी सांगेन." खडवलीचा तुमचा स्टॉपर पहिला आला. तीन सीझनमध्ये सात जण आले. सर, मी तुमची टीम फोडली, आणि प्रत्येक पोरगा आला की घरी जाताना पेढे घेऊन जायचो. बायको विचारायची कशाचे, तर म्हणायचो, कोणाला तरी मुलगा झाला.

मग ती फायनल आली, कल्याणला, जिल्ह्याच्या नॉकआउटची. तुम्ही अडुसष्ट वर्षांचे. सायकल सुटली होती, रिक्षाने आलात, पण पोतं तेच. मी समोरच्या बाजूने बघत होतो. तुम्ही वाकत वाकत बूट मांडलेत, आणि मोजलं तर बरोबर अकरा जोड्या होत्या. पोत्यात काहीच उरलं नव्हतं. बाहेर बसवायला तुमच्याकडे माणूसच नव्हता, हे मीच केलं होतं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी पोरांना शेवटची सूचना द्यायला विसरलो. हाफ टाइमला आम्ही तीन गोलने पुढे. पाचव्या गोलनंतर माझा असिस्टंट म्हणाला, "आता ज्युनियरना उतरवूया का?" मी म्हटलं, नाही. सहा झाले. सहावा तुमच्या खडवलीच्या स्टॉपरने मारला, मी त्याला मुद्दाम पुढे पाठवलं होतं. तुम्ही एकदाही उठून उभे राहिला नाहीत. शिट्टी झाली, आमच्या लोकांनी बेंजो सुरू केला, आणि तुम्ही मैदान ओलांडून माझ्याकडे यायला लागलात. तो पाय ओढत इतकं अंतर चालायला तुम्हाला बराच वेळ लागला. हात पुढे केलात. काहीतरी बोललात. बेंजोच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. मी खाली वाकलो आणि आमच्या कीपरच्या बुटाची नाडी बांधायला लागलो. त्याची नाडी सुटलेली नव्हती. तो गोंधळून पाय मागे घेत होता आणि मी त्याचा पाय धरून ठेवला होता. डोकं वर केलं तेव्हा तुम्ही परत निघाला होतात.

पुढच्या सीझनला तुमची टीम उतरली नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. मला दुपारी फोन आला, मी प्रॅक्टिसला गेलो आणि पोरांना नेहमीपेक्षा जास्त पळवलं. तुमच्या मातीला आलो नाही. आमची अर्धी टीम गेली, ते सांगत होते, खूप माणसं होती, शवपेटीवर कुणी तरी फुटबॉल ठेवला होता. मी म्हटलं, छान.

तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच काळाने आई गेली. तिच्या तेराव्याला, जेवणं आटपून पाहुणे उठल्यावर, दादा माझ्या शेजारी येऊन बसला. तोंडात पान, डोळे सुजलेले. म्हणाला, "तुला एक सांगाचा हाय. आयला पन नाय सांगितला कदी. त्या शनवारी तुजे बूट मी घातलेले रं. आपल्या आलीची सेमी व्हती. काठावरच्या खाजनातली जागा, अनवानी पाय टिकना. तू कॉलेजान गेलेला. वरून पुसून परत पिशवीन ठेवले." मी विचारलं, खालून? दादा म्हणाला, "खालून कोन बगतंय."

तुम्ही बघत होतात खालून. तुम्ही प्रत्येक बूट उलटा करून बघायचात. आपल्या मैदानात लाल मुरूम, आणि माझ्या स्टडमध्ये खाजणाचा, खाडीकाठच्या दलदलीचा काळा चिखल. मी पोत्यातून बूट काढले तेव्हा तो मलाही दिसला होता, पण डोक्यात राग असताना त्याचा रंग कोण बघतो. म्हणजे तुम्ही त्या शनिवारी डेपोत बसून तो बूट हातात घेतलात आणि समजलात की या पोराने शब्द मोडला, तोही आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या मॅचच्या आदल्या दिवशी. म्हणून घासला नाहीत. म्हणून पोत्यात ठेवलात. गावठाण, चर्च, आपला-परका यातलं काही नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या गुन्ह्यासाठी तुम्हाला शिव्या दिल्या तो तुम्ही केलाच नव्हता.

पण थांबा, सुटलात असं समजू नका. हे कळल्यावर माझा राग कमी झाला नाही, दुप्पट झाला. तीन वर्षं मी तुमच्या एका शब्दाखातर गावाशी वाकडं घेतलं, आणि तुम्ही एका चिखलाच्या ढेकळावर विश्वास ठेवलात, माझ्यावर नाही. "काय रे, हा चिखल कुठला?" एवढंच विचारायचं होतं. पाच शब्द. मी म्हटलं असतं, मला माहीत नाही सर. तुम्ही दोन थोबाडीत दिल्या असत्या, मी घरी जाऊन दादाला दिल्या असत्या, आणि रविवारी माझे बूट रांगेत असते. शिक्षा द्यायला तुम्हाला वेळ होता, विचारायला नव्हता. आणि मी तरी काय वेगळा? चिखल हातात धरून उभा होतो आणि गप्प बसलो. माझं आयुष्य आपण दोघांनी मिळून न बोलता वाया घालवलं, त्यात अर्धा वाटा माझा आहे हे मला मान्य आहे. पण तुम्ही पन्नाशीचे होतात आणि मी एकोणीसचा, म्हणून तुमचा अर्धा मोठा.

आता माझ्याकडे मुलीही येतात. परवा टिटवाळ्याची एक कीपर, मी टीम सांगितल्याबरोबर सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, मला का नाही घेतलंत? रीझन द्या ना." बाकीच्या पोरी हसल्या. मी तिला बाजूला बसवून सांगितलं, हाय बॉलला तुझे पाय मागे राहतात. ती म्हणाली, "ओके, मग ते शिकवा," आणि शिकायला उभी राहिली. किती सोपं आहे बघा. मला हे कळायला साठी आली.

हे मी कमिटीला देणार नाही. त्यांना 'सरांची शिस्त' मिळेल, दोन पानं, साहेबाची गोष्ट, बुटांची रांग, शेवटी तुम्हाला वंदन. उद्घाटनाला मी स्टेजवर बसेन आणि अध्यक्षांच्या शेजारी टाळ्या वाजवेन. हा कागद फाडेन. पण फाडायच्या आधी एक गोष्ट दुरुस्त करायची आहे, कारण वर मी तुमच्याशी खोटं बोललोय, आणि इतकं लिहून झाल्यावर ते तसंच ठेववत नाही.

आई तुमच्यानंतर गेली नाही. आधी गेली. तिचं तेरावं त्या फायनलच्या आठ दिवस आधी होतं. दादाने मला तेव्हाच सांगितलं होतं. माझ्याकडे पूर्ण आठवडा होता. तुमच्या घरी यायला डोंबिवलीहून तासभर लागला असता. तुमच्या ओट्यावर बसून म्हणालो असतो, सर, तो चिखल माझा नव्हता, तर तुम्ही काय केलं असतंत मला माहीत नाही, पण मग मला सहा गोल मारता आले नसते. सतरा वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस मला सोडवेना. म्हणून मी आलो नाही, आणि मैदानावर तुमच्या समोरच्या बाजूला उभा राहिलो, चकोट केलेलं डोकं उन्हात घेऊन. अख्ख्या मैदानात ते डोकं बघून कुणी काही बोललं नाही, सगळे गोल मोजत होते. तुम्ही पाय ओढत आलात ते हरल्यावर हात मिळवायला नव्हतात आलेले. तुम्ही माझ्या डोक्याकडे बघितलंत, हात पुढे केलात आणि मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी विचारलंत. "आई गेली काय रे?"

बेंजो बराच लांब होता, सर. मला ऐकू आलं होतं.